आबांची फ्लॉपी आणि चॅनल १३ ते १६

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि पोरं झोपल्यावर वाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घरात काय द्यायचं, हा प्रश्न आपल्या ग्रुपवर दर जुलैत येतो. आमच्याकडे या वर्षी त्याचं उत्तर एका फ्लॉपीने दिलं.

माझे बाबा मिरजेचे. १९९० च्या सुमाराला दुबईत आले, एका कंपनीत हिशेब बघायचे. आम्ही कराम्यात राहायचो. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई सध्या आमच्याकडे शारजात आहे, आणि तिच्या सामानात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. डब्यात साडेतीन इंची फ्लॉप्या. बहुतेकांवर ऑफिसची नावं, एका संचावर विंडोज ३.१, आणि एकीवर बाबांच्या अक्षरात 'गणपती ९५'.

माझी लेक अकरा वर्षांची. तिला फ्लॉपी म्हणजे 'सेव्हच्या बटणावरचं चित्र' एवढंच माहीत. खरी वस्तू हातात आल्यावर तिने ती सरकवणारी पत्र्याची खिडकी पन्नास वेळा तरी उघडझाप केली असेल. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. नशिबाने फ्लॉपी वाचली गेली. आत चार फाइली, चारही मिडी, सगळ्यात मोठी जेमतेम ३० केबीची. त्यातली एक होती लेझीमची धून. १९९५ च्या गणेशोत्सवात आम्ही मुलींनी ज्यावर लेझीम केली ती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर मला संगीतातलं काही आठवत नाही, लेझमीचा खुळखुळाट तेवढा आठवतो.

फाइल फोनवर वाजवली. भयंकर. धून ओळखू येत होती, पण मधेमधे कुणीतरी पियानोवर मुठी आपटतंय असं वाटत होतं. धून भूपातली आणि त्या मुठी नेमक्या कोमल रिषभावर आणि कोमल गंधारावर! ज्यांना गाणं कळतं त्यांनी कानावर हात ठेवला असेलच. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बंद कर ते. हे त्यांचं नाही."

लेकीने विचारलं, "आजी, फाइल तर आबांचीच आहे ना?"

"फाइल असेल. वाजत असं नव्हतं."

आमचे पुढचे दहा-बारा दिवस या एका वाक्यामागे गेले. त्यात मला जो इतिहास कळला तो तुम्हाला सांगायचा आहे, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा डबा असणार.

आधी मूळ गोष्ट. मिडी फाइलीत आवाज नसतो. त्यात फक्त सूचना असतात: अमुक चॅनलवर, साठ नंबरचा सूर, एवढ्या जोराने दाब, आता सोड. एक सूर दाबायला तीन बाइट. आवाज काढायचं काम समोरच्या यंत्राचं. नोटेशनच्या वहीसारखंच समजा, वही कोणाच्या हातात देता त्यावर गाणं ठरतं. असं का केलं होतं ते लेकीला आकडे मांडून दाखवलं. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे आख्ख्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत आठ सेकंदांचं गाणं मावलं असतं. बाबांच्या चार धुना मावून वर फ्लॉपी जवळजवळ रिकामीच होती.

मग यंत्राकडे वळलो. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता आणि तो एका वेळी एकच सूर काढायचा, तोही 'पीं' असा. त्याच वर्षी दुबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये पहिलं संगणक प्रदर्शन भरलं, तेच पुढे जायटेक्स झालं. आपण पोरांना दरवर्षी तिथले रोबो दाखवायला नेतो, पण त्याची सुरुवात या 'पीं'च्या काळातली.

आखातात मात्र घरोघरी वाजलेला पहिला संगणक बहुधा आयबीएमचा नव्हता. तो 'सखर'. कुवेतच्या मोहम्मद अल-शारिख यांच्या अल-आलमिया कंपनीने जपानी एमएसएक्स पद्धतीचे संगणक अरबी करून विकले. यंत्रं यामाहा आणि सान्योने बनवलेली, वर अरबी कीबोर्ड आणि अरबी बेसिक. त्यातली आवाजाची चिप एका वेळी तीन सूर काढायची. कराम्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक इजिप्शियन कुटुंब होतं, त्यांच्याकडे होता. त्यावर गेम खेळायला आम्ही जायचो आणि त्यांची आई आम्हाला खजूर द्यायची. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि कंपनीला बस्तान कैरोला हलवावं लागलं. पुढे तिचं नाव झालं ते अरबी भाषेच्या सॉफ्टवेअरसाठी. हे सगळं लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अरबी मुलांना त्यांच्या भाषेत कॉम्प्युटर होता आणि आबांना नव्हता?" यावर काय बोलणार.

बाबांनी १९९३ मध्ये ४८६ घेतला, बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावर. जुन्या लोकांना तो 'कॉम्प्युटर स्ट्रीट' म्हणूनच माहीत. भारतात तेव्हा संगणकावर आयात शुल्क जबर, त्यामुळे सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण बॅगेत काहीतरी कोंबून न्यायचा. बाबांनी मशीनसोबत साउंड कार्डही घेतलं. आईला वाटलं होतं की एवढ्या पैशांत एक चांगली पेटी आली असती.

त्या कार्डाच्या पोटात काय होतं, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग.

१९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार संगणकावर सूर हलवून बघत होते. आपल्याकडे सूर हळू हलवला की आंदोलन म्हणतो. त्यांनी तो हलवण्याचा वेग वाढवत नेला. एका मर्यादेपलीकडे कानाला हलणं ऐकूच येईना, त्याऐवजी सुराचा रंगच बदलला. घंटा, पितळी वाद्यं, लाकडी ठोका, सगळं दोन साध्या लहरींतून. ही एफएम पद्धत. सत्तरच्या दशकात यामाहाने तिचे हक्क घेतले, १९८३ मध्ये त्यावर डीएक्स-७ हा प्रसिद्ध कीबोर्ड काढला आणि पुढे हीच करामत स्वस्त चिपमध्ये बसवली. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने ती चिप पीसीच्या कार्डावर लावली. एका वेळी नऊ आवाज, किंवा सहा सुरांचे आणि पाच तालवाद्यांचे. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. त्यात तीच चिप, वर खरा आवाज रेकॉर्ड करण्याची सोय. थोड्याच दिवसांत ॲडलिब मागे पडलं, पण त्याचं नाव सॉफ्टवेअरच्या याद्यांत राहून गेलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही कार्डं बसवणं म्हणजे एक व्रत होतं. कार्डाचा पत्ता २२०, एफएम चिपचा ३८८, आणि 'मला काम आहे' म्हणून प्रोसेसरला हाक मारण्याचा नंबर, म्हणजे आयआरक्यू, बहुधा ७ नाहीतर ५. गंमत अशी की ७ नंबर प्रिंटरचाही असायचा. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळं विचारायचा, कार्ड कुठलं, पत्ता कुठला, आयआरक्यू कुठला. एक आकडा चुकला की एकतर शांतता, नाहीतर मशीन जागच्या जागी गोठायचं. आईला बाबांचं शुक्रवारचं चित्र अजून आठवतं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. सकाळी पूजा, मग मशीनचं झाकण उघडं, हातात छोटा चिमटा, आणि "प्रिंटरची वायर काढ गं कुणीतरी!"

आता मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून निघालं. डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी हे त्यामागचे मुख्य दोघे. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एक पद्धत ठरवली आणि ती सगळ्यांना मोकळी ठेवली. सोळा चॅनल, म्हणजे एका वायरीवरून सोळा वादकांना सूचना.

फक्त एक भानगड राहिली. पाच नंबरचं वाद्य म्हणजे कुठलं? एकाकडे बासरी, दुसऱ्याकडे ट्रंपेट. म्हणून १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाची यादी पक्की झाली, १२८ वाद्यांची. त्यात १०५ नंबरला सतार आहे आणि ११२ नंबरला शहनाई! लेकीने यादी वाचताना 'शनाय' असं वाचलं, मग मी ओरडलेच. चॅनल १० तालवाद्यांसाठी राखून ठेवलेलं. त्यात बोंगो आहे, काँगा आहे, ब्राझीलची वाद्यं आहेत. तबला नाही. ढोलकी नाही. यादी करणाऱ्यांच्या टेबलाशी आपलं कुणी नव्हतं, असं मला वाटून गेलं.

तर बाबांची फाइल. मिडी उघडून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम घेतला आणि लेकीने ओळी मोजल्या. तिनेच पकडलं, "आई, आबांनी सगळं दोनदा लिहिलंय." खरंच. चॅनल १ ते १० मध्ये एक धून, नटूनथटून, सतार, शहनाई, ताल सगळं. आणि मग १३, १४, १५, १६ या चार चॅनलवर तीच धून पुन्हा, गरिबाघरची. मधले ११ आणि १२ रिकामे.

हे वेड्यासारखं का केलं असेल? उत्तर विंडोज ३.१ मध्ये सापडलं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टपुढे प्रश्न होता की कुणाच्या घरी साधं ॲडलिबसारखं कार्ड, कुणाकडे महागडा सिंथेसायझर. एकच फाइल दोघांना कशी द्यायची? त्यांनी सोळा चॅनलची वाटणी केली. १ ते १० श्रीमंतांसाठी, त्याला 'एक्स्टेंडेड' नाव. १३ ते १६ साध्या कार्डासाठी, त्याला 'बेस'. बेसमध्ये तीन सुरांची चॅनलं आणि ताल १० वर नाही तर १६ वर. कंट्रोल पॅनेलमध्ये 'मिडी मॅपर' नावाची एक खिडकी होती. तिथे तुमचं यंत्र निवडलं की मॅपर तुमच्या वाटणीची चॅनलं पुढे सोडायचा, बाकीची गिळून टाकायचा. विंडोज ९५ नंतर ही वाटणी मागे पडली आणि लोक विसरूनही गेले.

मग मुठींचा उलगडा झाला. आजच्या फोनला ही वाटणी माहीत नाही. तो सोळाच्या सोळा चॅनल वाजवतो. धून दुहेरी ऐकू येते, आणि १६ व्या चॅनलवरचा बाबांचा केरवा त्याला पियानो वाटतो. बाबांनी तबल्याच्या जागी बोंगो-काँगा वापरले होते. त्यांचे नंबर ६० ते ६४. सुरांच्या भाषेत ६० म्हणजे पांढरी एकचा सा, ६१ कोमल रे, ६२ शुद्ध रे, ६३ कोमल ग, ६४ शुद्ध ग. म्हणून भूपात ते दोन परके सूर दर मात्रेला डोकावत होते. आईचा कान बरोबर होता. ते बाबांचं नव्हतंच.

आता १९९५ चं मशीन तर गेलं, कधीच भंगारात. पण त्याचं सोंग आणता येतं. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम २००२ पासून आहे. तो आजच्या लॅपटॉपच्या आत जुना पीसी उभा करतो, साउंड ब्लास्टरसकट. त्यात एफएम चिपही सॉफ्टवेअरमधून घडवलेली असते. काही हौशी मंडळींनी खऱ्या चिपा फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढून, आतली जोडणी वाचली आणि त्यावरून अगदी हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम लिहिले. एवढ्या चिकाटीला माझा साष्टांग नमस्कार.

डब्यातल्या संचावरून विंडोज ३.१ चढवलं. हे कुणाला करून बघायचं असेल तर थोडक्यात सांगते. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलीत साउंड ब्लास्टरचा भाग असतो. तिथे पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असं आधीच लिहिलेलं असतं, ते तसंच राहू द्या. त्याच आकड्यांनिशी विंडोजच्या आतही कार्डाची ओळख करून द्यायची. म्हणजे कंट्रोल पॅनेल, मग ड्रायव्हर्स, मग 'ॲड'. यादीत साउंड ब्लास्टरसोबत ॲडलिबचं नाव दिसेल. एफएमच्या संगीतासाठी ते ॲडलिबच हवं, आम्ही पहिल्यांदा ते घेतलंच नाही आणि दोन संध्याकाळी शांततेत काढल्या. कंपनी बुडून तीस वर्षं झाली तरी दार तिच्याच नावाचं. मग विंडोज बंद करून पुन्हा चालू करायचं आणि मिडी मॅपर उघडायचा.

मॅपरमधली यादी लेकीने मोठ्याने वाचली. ॲडलिब, एक्स्टेंडेड मिडी, जनरल मिडी, एमटी-३२ वगैरे. ॲडलिब निवडून 'एडिट' केलं की सोळा ओळींचा तक्ता येतो. कुठलं चॅनल कुठल्या दारातून बाहेर जाणार, ते तिथे ठरतं. १३ ते १६ ॲडलिबच्या दाराकडे, बाकी कुणीकडेच नाही, एवढं तपासून घ्या.

एकदा धून फार संथ, अडखळत आली. तो दोष बाबांचा नव्हता, आम्ही डॉसबॉक्सचा वेग फार कमी ठेवला होता. तो आकडा वाढवल्यावर चाल जागेवर आली.

वाजवली. पत्र्याच्या डब्यात कुणी काचेच्या गोट्या हलवाव्यात तसा तो एफएमचा आवाज. सतार म्हणावं तर सतार नाही, संतूर नाही, काहीच नाही. लेकीने तोंड वाकडं केलं. आई हातातली कोथिंबीर तशीच घेऊन बाहेर आली, उभी राहिली, आणि म्हणाली, "हां. हे." मग थोड्या वेळाने, "शेवटची ओळ ते दोनदा घ्यायचे. आत्ता एकदाच आली." फाइलीत बघितलं तर शेवटची ओळ खरोखर एकदाच आहे. बहुतेक रोज रात्री बाबा हाताने मागे जाऊन पुन्हा लावत असावेत. ते फाइलीत कसं येणार?

मिडी मॅपरमध्ये 'एक्स्टेंडेड मिडी' निवडलं की डॉसबॉक्सच्या आतली सूचना लॅपटॉपच्या आपल्या सिंथेसायझरकडे जाते. त्यासाठी आत रोलंड एमपीयू-४०१ चा ड्रायव्हर लागतो, पत्ता ३३०. आणि आजच्या विंडोजमध्ये जो सिंथेसायझर मुळातच असतो, त्याचे आवाज मायक्रोसॉफ्टने रोलंडकडूनच घेतलेले आहेत. म्हणजे घरबसल्या १ ते १० ही चॅनलं बऱ्यापैकी त्या काळच्या सुरात ऐकता येतात. शहनाई आली, सतार आली, ताल भरून आला. लेक एकदम खूश. "हे आबांचं खरं गाणं!" असं तिने जाहीर करून टाकलं.

आई म्हणाली, "ते डब्यावालं. नारिंगी दिवा असलेला डबा होता, तुझ्या आबांच्या मित्राचा. कार्यक्रमाच्या दिवशी आणला होता."

नारिंगी दिव्याचा डबा म्हणजे नक्कीच रोलंडचा साउंड कॅनव्हास, १९९१ मध्ये आलेला. त्याची ती नारिंगी उजळणारी पट्टी मी फोटोत दाखवली तर आईने लगेच ओळखली. बाबांकडे तो नव्हता, परवडणाराही नव्हता. त्यांनी शहनाईची ओळ घरच्या कार्डावर, त्या गोट्यांच्या आवाजात ऐकत लिहिली. मॅपरमध्ये अदलाबदल करून ते १ ते १० चॅनलं एफएमवरही सोडत असणार, पण शहनाई शहनाईसारखी वाजलेली त्यांनी एकदाच ऐकली, सभागृहात, चाळीस मुलींच्या लेझमीच्या आवाजात. म्हणजे बहुतेक ऐकूच आली नसेल.

इथे आमच्या घरात दोन तट पडले. लेकीचं म्हणणं असं की आबांना जे हवं होतं ते १ ते १० मध्ये आहे, बाकी नाइलाज होता. आईचं म्हणणं, त्यांनी दोन महिने रोज रात्री जे ऐकलं ते १३ ते १६ आहे. मी मधे. इतिहासाच्या बाजूने बघायचं तर पुरावा दोन्हीकडे आहे, आणि मला माझ्या आईच्या विरुद्ध बोलायची आता सवय राहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही भागांत सारखी निघाली. सुरांच्या मधे मधे एक विचित्र आकडा होता. गंधार आला की त्याच्या आधी 'उणे ५६०'. धैवत आला की 'उणे ६४०'. सूर संपला की शून्य. दर वेळी, शेकडो वेळा. मला वाटलं फाइल खराब झाली असेल.

खराब नव्हती. पेटीच्या आणि कीबोर्डच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात. तंबोऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो तो त्याहून किंचित खाली असतो, सेंटच्या मापात सुमारे १४ सेंट. भूपातला धैवत सुमारे १६. मिडीत सूर वाकवायची सोय आहे, पिच बेंड. साधारणपणे दोन अर्धस्वर खाली म्हणजे उणे ८१९२. दोन अर्धस्वर म्हणजे २०० सेंट. गुणाकार करून बघा, १४ सेंटला ५७० च्या आसपास येतं. बाबांनी प्रत्येक गंधार हाताने उतरवला होता. वर आणखी एक अडचण अशी की बेंड सबंध चॅनलला लागतो, त्यामुळे आधाराचा सा-प त्याच चॅनलवर असता तर तोही घसरला असता. म्हणून तो त्यांनी वेगळ्या चॅनलवर टाकला. घरच्या कार्डाला सुरांची तीनच चॅनलं, त्यातलं एक यासाठी खर्च केलं!

मिरजेच्या माणसाला हे सुचणं साहजिक होतं म्हणा. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिलं, साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि त्यांनी चक्क श्रुतींची पेटी बनवून घेतली. खाँसाहेबही त्या प्रयोगात होते. ती पेटी काही घरोघरी गेली नाही. उलट १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षं टिकली. कारणांमध्ये हे बारा सारखे तुकडेही होते. आणि हे दुखणं एकट्या आपलं नाही. अरबी संगीतात पाव स्वर लागतात, त्यामुळे या भागासाठी यामाहा आणि कॅसिओने पाव स्वर लावता येणारे 'ओरिएंटल' कीबोर्ड वेगळे काढले. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे तसा एक होता, आईला आठवतो. बाबा त्यावर गंधार लावून बघायचे आणि "फार खाली जातो हो" म्हणून परत यायचे. पाव स्वर म्हणजे ५० सेंट. त्यांना १४ च हवे होते.

लेकीने बेंडचे सगळे आकडे पुसून धून वाजवली, मग ठेवून वाजवली. तिला फरक कळला नाही. मला पहिल्यांदा कळला नाही, तंबोऱ्याच्या ॲपवर सा लावून ऐकल्यावर कळला. आईला दोन्ही वेळा, पाठ फिरवून, कळला.

तर आता कामाचं. फ्लॉप्या फार दिवस टिकत नाहीत, चुंबकी थर उतरतो आणि इथल्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा गॅलरीतल्या कपाटात असतील तर आणखी लवकर. घरी डबा असेल तर आधी प्रत लॅपटॉपवर घ्या, ऐकायचं नंतर बघू. डॉट मिड असं शेवट असलेली फाइल फोनवर घाण वाजली तर फेकून देऊ नका, चॅनल १३ ते १६ भरलेत का बघा. आणि घरात त्या काळचं कुणी ऐकणारं असेल तर त्यांना शेजारी बसवूनच वाजवा.

ड्राइव्ह माझ्याकडे आहे. शारजात अल नहदाला राहते, दुबईच्या हद्दीला लागूनच, कुणीही या. सोमवार आणि बुधवार सोडून, त्या दिवशी लेकीचा पोहण्याचा क्लास असतो. विंडोज ३.१ चा संच किंवा तो नारिंगी दिव्याचा डबा अजून कुणाकडे चालू स्थितीत असेल तर खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. आईला तो एकदा खरा, सभागृहातल्या गोंगाटाशिवाय ऐकायचा आहे.